परीक्षेची कुपी

"आता हलू नका, आर्वो. श्वाससुद्धा हळू घ्या," मार्लिसने माइकवरून सांगितले.

"माझ्या डोक्यातला एक स्क्रू ढिला आहे. तुझं चुंबक ओढून नाही ना घेणार?" यंत्राच्या बोगद्यातून म्हातारा बोलला.

"घेतलाच तर एलेन माझे आभार मानेल."

काचेअलीकडे बसलेली त्याची बायको एलेन हसली नाही. अमेरिकेतल्या डुलुथच्या बंदरात उभा जन्म बोटींत खनिज भरणाऱ्या आर्वो लाह्टीचे पाऊल मधुमेहाने सडले होते. उद्या पाय कापायचा हे ठरलेलेच होते. प्रश्न गुडघ्याचा होता. गुडघ्याखालची कातडी जिवंत असली तर गुडघा वाचणार होता, आणि गुडघा वाचला तर नकली पायावर का होईना, तो गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला पुन्हा जाणार होता. कातडीला धक्का न लावता तिच्यातली ऊर्जेची द्रव्ये चुंबकाने मोजायची, हे मार्लिसचे काम. गुडघा ठेवायला सर्जनबाईंचे मन होईना, म्हणून मोजणी पाहायला त्या स्वतः येऊन उभ्या होत्या.

पडद्यावरची रेषा बराच वेळ सरपटत राहिली. मग तिच्यातून एक सुळका वर आला, चांगला टोकदार.

"जिवंत आहे. गुडघ्याखाली कापू," सर्जनबाई म्हणाल्या आणि गेल्या. एलेनने बाहेर जाऊन मुलाला फोन लावला आणि बोलता बोलता रडू लागली.

मार्लिसलाही भरून आले. एवढा सुरेख सुळका तिने आजारी पायात कधी पाहिला नव्हता. आत जाऊन तिने पट्टे सोडले, पोटरी उचलली. खाली गादीच्या घडीत काचेची कुपी होती.

रोज सकाळी यंत्राची परीक्षा घ्यायला ती ही कुपी ठेवायची. जिवंत कातडीत असतात तीच द्रव्ये तिच्यात कालवलेली. माणूस झोपवण्याआधी कुपी काढायची, असे ती स्वतःच नवख्यांना बजावायची. आज एलेनची समजूत घालण्याच्या नादात राहून गेली. सुळका कुपीचा होता.

मार्लिसने कुपी उचलली. कुपी खिशात टाकली असती तर कुणाला कळले नसते. पण मेलेल्या कातडीवरचे टाके उसवणार, विष वर चढणार. दुसऱ्यांदा कापायला हा माणूस उरेल का?

"आर्वो, माझ्या हातून चूक झाली." तिने कुपी त्याच्या तळहातावर ठेवली आणि सगळे सांगितले.

त्याने कुपी उजेडात धरली. "म्हणजे हिची तब्येत ठणठणीत आहे."

"मला शिव्या घाला हो."

"घालीन. आधी परत मोज."

"आणि एलेन?"

"तिला बोलू दे मुलाशी. तेवढंच."

या खेपेला रेषा सपाटच राहिली. मार्लिसने सर्जनबाईंना परत बोलावले. त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि गुडघ्याच्या वर बोटाने एक रेघ दाखवली. दारात उभ्या एलेनने हातातला फोन बंद केला.

आर्वो खाटेवर उठून बसला. मार्लिसने त्याच्या पायात एलेनने विणलेला लोकरी मोजा चढवला आणि ती गुडघ्याखाली थांबली.

"अजून वर घे, पोरी," तो म्हणाला. "गुडघ्याला गार लागतंय."

तिने मोजा गुडघ्यावरून वर ओढला आणि तो नीट बसेपर्यंत हात काढला नाही.