सुई माझी आहे

मी बोलतोय. डॅशबोर्डच्या कडेला, वेगळ्या पट्टीवर बसवलेला गोल मीटर. इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणं हे माझं काम. शेजारचे वेगाचे आणि डिझेलचे मीटर गाडीबरोबरच जन्मले. मी मागाहून आलो, म्हणून ते मला उपरा समजतात. समजू देत.

कारखान्यात तपासणीच्या टेबलावर जाड चष्म्याच्या एक बाई बसायच्या. त्यांनी माझ्या सेन्सरला ठरावीक दाब तीनदा दिला. तिन्ही वेळा माझी सुई नेमक्या आकड्यावर थांबली. "पास," एवढंच त्या म्हणाल्या. त्या एका शब्दाची मिजास मला अजून आहे.

मला विकत घेतलं ताईने. बाबांच्या माघारी दोन व्हॅन राहिल्या होत्या. एक ताई चालवायची, दुसरी तिचा धाकटा भाऊ. ताईच्या गाडीतून हॉस्पिटलच्या नर्स कामावर जायच्या-यायच्या. एकदा भर चढावर बाबांच्या गाडीचं इंजिन जाम झालं होतं. इंजिनातलं तेल संपत आल्याचा इशारा देणारा दिवा लागलाच नव्हता, कारण त्याचा बल्ब कधीचाच गेलेला होता. गाडी मागे घसरली आणि बाबांचा पाय कायमचा अधू झाला. तेव्हापासून ताईचा दिव्यावरचा विश्वास उडाला होता.

वेगळा मीटर बसवणं धाकट्याला पटलं नाही. गाडी बनवणाऱ्यांना अक्कल नव्हती का, असं तो म्हणाला. ताईने ऐकून घेतलं आणि मला ठिणगीकडे नेलं. ठिणगी म्हणजे गल्लीतला वायरिंगवाला. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवायला वेळ लागत असेल. त्याने सेन्सर इंजिनात बसवला, तार आत ओढली, मला फ्यूजमधून वीज दिली. फक्त अर्थिंगचा स्क्रू घाईघाईत पत्र्याच्या रंगावरच पिळला, त्यामुळे तो पत्र्याला नीट भिडलाच नाही.

तिथेच माझी अब्रू गेली. हेडलाइट लावले की माझी सुई उडी मारायची. धाकट्याने माझं नाव 'नाच्या' ठेवलं. नर्सही हसायच्या. मी जीव तोडून खरं सांगत होतो, पण पायाखाली जमीनच पक्की नसेल तर कोण सरळ उभा राहील?

ताई हसली नाही. सुट्टीच्या दिवशी तारेतली वीज तपासायचा टेस्ट लॅम्प घेऊन ती डॅशबोर्डखाली उताणी शिरली. एकेक तार तपासत शेवटी त्या स्क्रूपाशी पोचली. रंग पॉलिश पेपरने खरवडला, खालचा पत्रा चकचकीत केला, स्क्रू पुन्हा आवळला. हेडलाइट लावले. सुई जागची हलली नाही. त्या दिवसापासून मी नाचलो नाही आणि कोणाला फसवलंही नाही.

पाच वर्षं गेली. इंजिन थकत चाललं. इंजिन तापलेलं असताना गाडी चालू ठेवून उभी केली की माझी सुई कमी दाबाच्या लाल पट्ट्याला टेकू लागली. ताई म्हणाली, इंजिन उघडू या. धाकटा म्हणाला, उघडायचं कशाला, गाडी विकून टाकू. कपडे धुऊन पोचवण्याचा धंदा करणारं एक जोडपं गिऱ्हाईक म्हणून मिळालं होतं. येत्या रविवारी ते गाडी बघायला येणार होते.

शनिवारी ताई बाहेर असताना धाकटा ठिणगीला घेऊन आला. मला काढलं असतं तर भोक दिसलं असतं, आणि भोक दिसलं की प्रश्न आला. म्हणून त्यांनी सेन्सरकडून येणारी तार माझ्या मागे तोडली आणि तिच्या जागी सेन्सरची नक्कल करणारा वाटाण्याएवढा रेझिस्टर लावला. झालं. आता इंजिन मरो की जगो, माझी सुई मधोमध. ठिणगीची मान वर होत नव्हती. धाकट्याची होत होती, पण त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

ती रात्र कशी काढली ते माझं मला माहीत. मला मोडलं असतं तर चाललं असतं. माझ्या तोंडी खोटं घातलं, ते चाललं नाही.

रविवारी ते जोडपं आलं. ताईने किल्ली फिरवली, अर्धीच. इंजिन अजून सुरू झालं नव्हतं, तरी मी दाब दाखवत होतो. निजलेल्या इंजिनात कसला आलाय दाब? ताईचा हात थांबला. तिने किल्ली बंद केली, पुन्हा अर्धी फिरवली. मी पुन्हा मधोमध. तिने भावाकडे पाहिलं. तो टायर बघत होता.

ती खाली वाकली, माझ्या मागे हात घातला, तो रेझिस्टर उपटला आणि तोडलेली तार पुन्हा पिळून जोडली. मग इंजिन सुरू केलं. ते तापेपर्यंत चालू ठेवलं. माझी सुई हळूहळू उतरली आणि लाल पट्ट्यावर थांबली. मी तिथून तसूभर सरकलो नाही.

"इंजिनाचं काम निघालंय," ताई जोडप्यातल्या बाईंना म्हणाली. "घ्यायची तर हे धरून घ्या."

ते निघून गेले. धाकट्याने माझ्या काचेवर मूठ मारली. "तू माझी बहीण आहेस की त्यांची?"

"तुझीच आहे," ताई म्हणाली. "म्हणून तर ही गाडी तुझ्या हातून कोणाच्या गळ्यात पडू दिली नाही."

वाटणी झाली. धडधाकट गाडी धाकट्याने घेतली, आजारी ताईने. तिने इंजिन उघडलं, झिजलेले बेअरिंग बदलले; तीन महिने नर्स दुसऱ्या गाडीने गेल्या, त्यातल्या अर्ध्याच परत आल्या. धाकटा घरी येतो, जेवतो, भाच्यांना खेळवतो. या गाडीत मात्र बसत नाही. ताईला ते लागतं.

माझी काच तडकली आहे. ताईने ती बदलली नाही, मीही मागितली नाही. तडा गेला तो काचेला, सुईला नाही. उद्या ही गाडी कोणाकडेही जावो, मी आहे तेच दाखवीन. तुमच्या सोयीचा आकडा माझ्याजवळ नाही. बघवत नसेल तर इंजिन दुरुस्त करा. माझ्या तारेला हात लावू नका.