मिठाला चालेल असं औषध

काळुराम घरत रोह्याजवळच्या धाटावच्या औषध कंपनीत केमिस्ट झाला, तेव्हा खाडीकडच्या त्याच्या गावाने समजूत करून घेतली की पोरगं मेडिकलच्या दुकानात बसतं. डोकेदुखीच्या गोळ्या मागायला माणसं थेट रोह्याला येत. काळुरामने समजावणं सोडलं आणि घरात गोळ्याच ठेवायला लागला.

त्याच्या डोक्यात मात्र एकच औषध होतं, पेणच्या मिठागरांत राबणाऱ्या बायांच्या पायांसाठी. खारं पाणी टाचा खातं, बोटांच्या बेचक्यांत जखमा करतं आणि त्या जखमांत पुन्हा मीठ जातं. आईवेगळ्या काळुरामला पुतळीआत्याने असल्याच पायांवर उभं राहून वाढवलं, शिकवलं. सात वर्षं खपून त्याने मलम तयार केलं आणि रीतसर परवानग्या काढून १९८७च्या फेब्रुवारीत वीस बायांना डब्या वाटल्या. पहिली आत्याला.

एप्रिल उजाडला तरी एकीचीही जखम भरेना. कारखान्यातल्या कामगारांना त्याच मलमाने आठवड्यात गुण आला होता! प्रयोगशाळेचे प्रमुख दिनानाथ कर्णिक भले गृहस्थ, पण त्यांच्याही डोक्यावर मुंबईचं ऑफिस होतं. "घरत, पावसाळ्यात मिठागरं बंद होतील. तोवर पाय बरे झालेले दाखवा, नाहीतर हे काम कायमचं थांबवावं लागेल," त्यांनी सांगून टाकलं.

बाया मलम लावतच नसणार, अशी काळुरामची खात्री झाली. शनिवारी तो तणतणत आत्याकडे मुक्कामाला गेला. सकाळी बघतो तर आत्या ओटीवर बसून मन लावून मलम चोळत होती, अगदी बेचक्यांतसुद्धा. त्याला आपलीच लाज वाटली. तिच्या मागोमाग तो मिठागरावर गेला. बांधावर पोचताच सगळ्या बायांनी राखेने घासघासून पाय धुवायला घेतले.

"आत्या, काय करतेस गो हे?"

"काय म्हंजे? तेलकट पाय वाफ्यात घालू? वर तवंग आला तं पानी सुकायचं नाय, मीठ धरायचं नाय."

"मग लावता तरी कशाला?"

"तूच लिवलंस ना डबीवर, सकाळी कामाला जायच्या आधी लावा म्हनून! आमच्या पोरानं केलेलं औषध, नाय कसं लावायचं?"

बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

काळुराम बांधावर मटकन बसला आणि हसत सुटला. लहानपणी डोक्याला तेल चोपडून वाफ्यात उतरला म्हणून याच आत्याने त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. आणि एवढं शिकून या शहाण्याने मलमात निम्मं तेल घातलं होतं! बायांची काही चूकच नव्हती.

रात्री मलम लावून भागणार नव्हतं, खाऱ्या पाण्यात उभं असतानाच जखम झाकलेली हवी होती. रोह्याला परतल्यावर त्याने तेलाला हात लावला नाही. तीन आठवडे तहानभूक विसरून त्याने पातळ औषध बसवलं. लावलं की मिनिटात सुकायचं आणि कातडीवर पाण्याला दाद न देणारा पापुद्रा धरायचं. आत्या मात्र ते पायाला लावू देईना.

"आधी मिठाला चालतंय काय ते बघू."

तिने लाकडाच्या ढलपीवर औषध लावून सुकवलं, ढलपी खाऱ्या पाण्याच्या परातीत टाकली आणि परात उन्हात ठेवली. चार दिवस काळुरामच्या जिवात जीव नव्हता. कर्णिकांना तो एवढा कधी घाबरला नव्हता. पाचव्या दिवशी परातीत पांढरंस्वच्छ, टपोरं मीठ धरलं. आत्याने एक खडा उजेडात धरून पाहिला आणि पाय पुढे केला. औषध झोंबलं तशी तिने काळुरामच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या पिढ्या तिच्याही होत्या, हे तिच्या लक्षात आलं नाही.

मे संपता संपता विसांपैकी सतरा जणींच्या जखमा भरल्या, आत्याच्याही. कर्णिक स्वतः येऊन पाहून गेले आणि काम चालू ठेवायचा कागद त्यांनी काळुरामच्या हातात दिला.

त्याच संध्याकाळी तो कागद घेऊन काळुराम आत्याच्या ओटीवर आला. "तुझ्यामुळे झालं गो हे. तुझे उपकार कसे फेडू?" म्हणत तो पाया पडायला वाकला. आजवर तो वाकला की ती पाय लुगड्यात ओढून घ्यायची, कुणाचा हात लागलेला तिला सोसायचा नाही. आज तिने दोन्ही पाय पुढे केले. त्याने त्यांवर कपाळ टेकलं, आणि तिने ते बराच वेळ तसंच टेकू दिलं.