पिंपळाखाली बोललेला फोन

रविवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी मरोळमधल्या एका बंद कारखान्यामागच्या पिंपळाखाली सुलक्षणा राणेंचा फोन बोलला.

फोन पर्समध्ये होता, कुणाचा कॉल नव्हता. तरी आवाज आला, "नमस्कार, सुलक्षणा." मग जाड पुरुषी स्वर, "बाळा, तुझं दुखणं मी घेतलं. आता औषधांचा आधार सोड."

"माझा नाव घेतल्यान गो!" सुलक्षणा ओरडली. दोनशे माणसांनी जयजयकार केला. चौथऱ्यावरून चंद्रप्रकाश महाराज माइकमध्ये गरजले, "भक्तहो, फोन हा कलियुगाचा शंख आहे! पथ्यं दोनच. लोकेशन चालू ठेवा, शंका बंद ठेवा!"

हे सगळं शेजारच्या जयंती आगाशेंना दुपारी कळलं. सुलक्षणाने ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पाकिटं कचऱ्यात टाकली, हेही कळलं. पण जयंतीच्या तोंडून आधी निघालं ते भलतंच.

"दोनशे माणसं? सकाळी सातला?"

जयंती इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. 'वेशीपाशी' नावाच्या ॲपवर त्यांनी दोन वर्षं खपून परिसरातल्या एकेचाळीस जागांची माहिती स्वतःच्या आवाजात चढवली होती. जुनी विहीर, गावठाणातला क्रूस, हद्दीचा दगड. विहीर दाखवायला त्यांनी लोकांना बोलावलं, तेव्हा तिघं आले होते. त्यातला एक स्वच्छतागृह शोधत होता.

"अगं, स्वयंसेवक दारातच सगळ्यांचे फोन शुद्ध करायला घेतात," सुलक्षणा सांगत होती. "मी उशिरा पोचले, माझ्या फोनाला कुणी हातही लावला नाही. तरी बोलला! महाराज म्हणाले, हीच खरी साक्ष."

संध्याकाळी जयंतीने सवयीने ॲप उघडलं. विहीर अकरा वेळा ऐकली गेली होती. त्यातल्या चार वेळा त्या स्वतःच. यादीत सर्वांत वर 'पिंपळ, मरोळ', सहा हजार दोनशे चौदा. जयंतीचा जळफळाट झाला. एवढं काय सांगितलंय, म्हणून त्यांनी बटण दाबलं.

"बाळा, तुझं दुखणं मी घेतलं..."

स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीत, महाराज बोलत होते.

ॲपवर कुणीही नकाशात एक वर्तुळ आखून आपला आवाज ठेवू शकतो. माणूस वर्तुळात शिरला की फोन आपोआप बोलतो. आधी नोंदणीतलं नाव, मग तो आवाज. शुद्धीकरण म्हणजे ॲप टाकणं आणि नाव भरणं. पण सुलक्षणाचा फोन? जयंतीला आठवलं आणि तोंड कडू झालं. निदान एकीने तरी विहीर ऐकावी म्हणून गुढीपाडव्याला ते ॲप त्यांनीच तिच्या फोनात टाकलं होतं.

सोमवारी त्या सुलक्षणाला कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी घेऊन गेल्या. पायरीवर पाऊल पडताच पर्स बोलली, "नमस्कार, सुलक्षणा." पाठोपाठ जयंतीचा आवाज, "ही पिठाची गिरणी. इथे गहू दळतात. गोळी घे."

गिरणीवाले मधुकर पोट धरून हसले. "वहिनी, आता इथेही रांग लागणार!"

सुलक्षणा हसली नाही.

"तू जळतेस जयंती."

"जळते. माझ्या विहिरीला कुत्रं फिरकत नाही आणि त्याच्या पिंपळाला जत्रा. रात्रंदिवस जळते. म्हणून तो खरा ठरतो का?"

"बावीस वर्षं बिल्डिंगमध्ये मी 'सिद्धेशची आई' आहे. दोनशे माणसांत कुणीतरी माझं नाव घेतलं ना गं."

"ते नाव मी टाईप केलं होतं."

सुलक्षणा पीठ न घेताच परतली.

फोन बोलला, हे खरं. त्याला कुणी बोलायला लावलं, एवढा प्रश्न रांगेतल्या एकाने विचारला असता तर पुरे होतं. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात मत्सर असेल, रागही असेल. उत्तर तपासता येतं की नाही, तेवढं पाहावं. आणि डॉक्टरने लिहिलेली गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नये, मग सांगणारा झाडाखालून बोलो की आभाळातून.

मंगळवारी जयंतीच्या तक्रारीवरून ॲपवाल्यांनी पिंपळाची नोंद काढून टाकली. संध्याकाळपर्यंत त्याच आवाजाची दोन नवी वर्तुळं उमटली, एक मालाडला, एक सांताक्रूझला. बुधवारी सकाळी सुलक्षणाचं ब्लडप्रेशर एकशे अठ्ठ्याहत्तर होतं. जयंतीने गोळ्यांचं नवं पाकीट तिच्या हातात दिलं. तिने ते घेतलं आणि दार लावलं. गोळी घेतली की नाही, हे अजून कळलेलं नाही.