तक्रार बंद झाली आहे

घरात इंटरनेट होतं. म्हणजे तार होती, भिंतीवर डबा होता, डब्यावर लाल दिवा होता; इंटरनेट तेवढं नव्हतं. आणि मोबाइलला रेंज मिळायची ती अख्ख्या गावात एकाच जागी, पाण्याच्या टाकीवर, तीही पश्चिमेच्या कठड्याला पाठ टेकून बसलं तर. त्यामुळे या घरची सून दिवसातून सहा वेळा टाकीची शिडी चढायची आणि उतरताना कुणाच्या तरी नावाने बोटं मोडायची.

तिचं काम उद्यावर ढकलता येण्यासारखं नव्हतं. शहरातल्या कॉलेजात प्राध्यापक बोलत असायचे आणि ही घरात बसून कानाने ऐकत त्याच क्षणी टाइप करायची. ज्या मुलांना ऐकू येत नाही ती मुलं वर्गातल्या पडद्यावर ते वाचायची. लाइन गेली की पडदा कोरा. गेल्या महिन्यात तो अकरा वेळा कोरा झाला. शेवटच्या वेळी ‘म्हणून हा नियम असा आहे, की’ एवढं उमटलं आणि सगळं बंद पडलं. संध्याकाळी एका मुलीचा निरोप आला, ‘ताई, नियम काय होता?’ तो वाचून तिला शरमेने मेल्यासारखं झालं.

ऑफिसातल्या साहेबीणबाईंनी मग सरळच सांगितलं. सोमवारपर्यंत लाइन नीट झाली तर ठीक, नाहीतर शहरात येऊन ऑफिसात बसायचं. तेही जमत नसेल तर राजीनामा.

शहरात जायचं तर सासऱ्यांना कुणावर टाकून? नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. सासरे जन्मभर सुतारकाम केलेले, गेल्या वर्षी डावी बाजू लुळी पडली. ती दोन महिन्यांसाठी म्हणून आली आणि वर्ष झालं. आता कुठे ते काठी टेकत अंगणापर्यंत जात होते, एका हाताने शर्टाची बटणं लावत होते.

तर लाइन दुरुस्त व्हायलाच हवी होती. पण कंपनीचा नियम असा, की माणूस पाठवण्याआधी फोन करायचा आणि दोनदा उचलला नाही तर तक्रार बंद. रेंज नाही त्या घरी फोन कसा उचलणार, हा प्रश्न त्या शहाण्यांना पडला नव्हता. पहिल्या वेळी फोन आला तेव्हा ती सासऱ्यांना आंघोळ घालत होती. तक्रार बंद. दुसऱ्या वेळी ती दिवसभर टाकीवर फोन धरून बसली, तर लाइनवाला फोन न करताच घरी आला, झोपलेल्या सासऱ्यांना कडीचा आवाज ऐकू गेला नाही, आणि ‘ग्राहक घरी नाही’ लिहून तो पसार झाला. तक्रार बंद. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

शुक्रवारी तिसरी खेप. “बाबा, आज झोपायचं नाही. माणूस आला की हलू द्यायचं नाही त्याला,” एवढं बजावून ती नऊलाच टाकीवर गेली. साडेदहाला फोन वाजला.

“मॅडम, पोचलोच तुमच्या घरी.”

“थांबा, मी आलेच.”

“येऊ नका! काम झालं की तुमच्या मोबाइलवर चार आकडे येतील. ते मला सांगितल्याशिवाय काम पूर्ण दिसत नाही. रेंज असेल तिथेच बसा.”

बसली बिचारी. ऊन डोक्यावर आलं. कठडा पाठीला चटके देऊ लागला. तासाभराने मोबाइल किणकिणला, पण आकडे नव्हते. ‘ग्राहकाच्या विनंतीनुसार आपली जोडणी काढण्यात आली आहे. तक्रार बंद झाली आहे. आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?’

ती शिडी कशी उतरली, तिचं तिलाच कळलं नाही. घरात शिरली तर भिंतीवर डब्याच्या जागी चार भोकं, आणि समोर खुर्चीत सासरे, शांत.

“बाबा, डबा कुठाय?”

“नेला त्याने. मीच सांगितलं, काढून टाक म्हणून. जोडणी माझ्या नावावर आहे ना, सही केली.”

“काय?” तिचा आवाज फाटला. “महिनाभर मी उन्हात मरतेय ती कुणासाठी? सोमवारी माझी नोकरी जाईल, कळतंय का तुम्हाला?”

“नोकरी का जाईल? तू शहरात जाशील.” ते खाली बघत म्हणाले. “वर्ष झालं, पोरी. माझ्यापायी अडकलीस तू इथे. तोंडाने जा म्हटलं असतं तर गेली असतीस? म्हटलं, तारच गेली की जाशील.”

“मला एकदा विचारायचं तरी होतं! मला जायचंय का, एवढं तरी!”

“तू तरी कधी म्हणालीस, की मला राहायचंय?”

ती बोलायला गेली आणि अडखळली. ‘मला इथेच राहून काम करायचंय हो’, हे तिने साहेबीणबाईंना सांगितलं होतं. कंपनीच्या फोनवरच्या नाना माणसांना विनवण्या करून सांगितलं होतं. नवऱ्याला सांगितलं होतं. घरात मात्र तिने रोज फक्त लाइनच्या नावाने शंख केला होता, आणि शेजारच्या खोलीत हा म्हातारा ते सगळं स्वतःवर घेत बसला होता.

“मला राहायचंय, बाबा,” ती म्हणाली. “ही नोकरीही हवी आहे, आणि इथेच राहायचंय.”

सासऱ्यांचा चेहरा पार उतरला. चांगल्या हाताने त्यांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

“मग बोलाव त्याला परत. अजून वेशीपर्यंतही गेला नसेल.”

“तसं नाही चालत. नवीन अर्ज करायचा. आठ दिवस लागतात.”

“आणि सोमवार?”

ती तिथेच, त्यांच्या पायाशी, जमिनीवर बसली.