आडवं चक्र

“ही सगळी तुमी खुडली, वैनी?” मी दारातूनच ओरडलो.

चतुरावैनी, म्हणजे अमृतरावाची बायको, फुलं ताजी राहावीत म्हणून ओल्या केलेल्या पोत्यांच्या मधोमध बसल्या होत्या. पुढ्यात झेंडूचा हा एवढा ढीग, आणि एकाही फुलाला देठ म्हणून नाही. सगळी मानेपासून तोडलेली. देठ शेळीपुढे टाकलेले आणि शेळी मजेत खात होती.

“मंग? तुमचा येळ वाचावा म्हणून केलं,” त्या हसून म्हणाल्या. “सकाळपासून बसले. काहून, काय झालं?”

काय झालं ते या बाईला कोणत्या तोंडानं सांगावं? अमृतरावाला मी नुकताच दवाखान्यातून रिक्षात घालून आणला होता. त्याला खांद्याचा टेकू देऊन उभा होतो. त्यानं तो ढीग पाहिला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. बापाच्या मयताला न रडलेला माणूस हा. मी स्वतःलाच म्हटलं, तातेराव, बोंबललं सगळं.

मी वसमतचा मंडपवाला. बांबू, कापड, खुर्च्या माझ्या आणि फुलं अमृतरावाची. लग्नाचं स्टेज असो, नवरदेवाची गाडी असो, नाहीतर कुणाची अंत्ययात्रा, आम्ही जोडीनं जायचो आणि जोडीनं भांडायचो. माझा बांबू या गड्याला जन्मात कधी सरळ दिसला नाही. पण अशोक विजयादशमीला विहारापुढे तो जे धम्मचक्र उभं करायचा, त्याला तोड नव्हती. सांगाडा मी बांधायचा. त्यावर तो पेंढा गुंडाळायचा आणि पेंढ्यात एकेक झेंडू देठानं खोवत जायचा. आठ आरे, मधे तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गोल, बाहेरून गाडीच्या चाकाला असते तशी धाव. तुंबा मात्र सकाळपर्यंत रिकामा ठेवायचा. तो वस्तीचा. घरटी एक फूल यायचं आणि त्यातून तुंबा भरायचा. हा नेम अमृतरावानंच घातलेला.

दोन हजार दोनच्या श्रावणात त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एवढ्या बडबड्या माणसापाशी एकच शब्द उरला, “न्हाई.” चहा घेतो का, तर “न्हाई,” आणि हात कपाकडे. बरं वाटून राहिलं का, तर “न्हाई,” आणि चेहरा हसरा. होकार की नकार, ते आवाजावरून ओळखायचं.

दसरा जवळ आला तसा विहार कमिटीचा धम्मानंद माझ्याकडे आला. तरणा मास्तर, वागायला चांगला. पण म्हणाला, “काका, औंदा नांदेडहून थर्माकोलचं चक्र आणू. लायटिंग लावूनच येतंय. अमृतकाकाला तकलीफ काहून द्यायची?”

माझं डोकंच फिरलं. “अमृतराव जित्ता हाय आजून! तो बसून दाखवील, मी फुलं खोवीन.”

“ठीक हाय. पण आदल्या दिवशी दुपारपर्यंत काम दिसलं पाहिजे. न्हाईतर मी नांदेडला फोन लावीन.”

शब्द देऊन बसलो खरा. पण मला माहीत होतं, एकदा या माणसाला सांगितलं की बाबा, तुझं काम आता दुसरं कुणी करतंय, की तो त्या खाटेवरून पुन्हा उठायचा नाही. मला बाकी कशाचं काही नव्हतं, एवढ्याचंच भ्या होतं.

आणि आता हा देठाविना ढीग. खोवायला काही नाही.

वैनींना तरी काय बोलणार? त्यांचा जन्म दुसऱ्यांच्या हळदीत रोजानं गेला. हळदीला फूल आलं की बाया ते मानेपासून खुडून टाकतात, म्हणजे खाली गड्डा पोसतो. फूल म्हटलं की हात मानेवर जाणारच. आणि अमृतरावानं त्यांना आपल्या कामाला कधी हात लावू दिला नव्हता. मी देठाचं सांगितलं तसा त्यांनी कपाळावर हात मारला.

“माय गं! म्या हे काय करून बसले, भावजी?”

मी बाजारात पळालो. दसऱ्याचा आदला दिवस, झेंडू कुठला शिल्लक राहायला? रिकाम्या हातानं परत आलो. ढीग, पेंढा, सांगाडा सगळं विहारापुढे नेलं, अमृतरावाला तिथं खुर्चीत बसवला, वैनीही आल्या. बाभळीच्या काट्यांनी फुलं टोचून पाहिली, तर फुलंच फाटली. तेवढ्यात धम्मानंद आला. बघून म्हणाला, “काका, लावू का फोन?”

मी फाटकी फुलं बाजूला सारायला लागलो.

“न्हाई!” खुर्चीतून अमृतराव ओरडला. डाव्या हाताचा तळवा तो हवेत खाली दाबत होता. मला वाटलं, त्याला खाली बसायचंय. बसवला. त्यानं एक झेंडू उचलला आणि मातीवर ठेवला. त्याला खेटून दुसरा. मग तिसरा. मी आपला ठोंब्यासारखा बघत उभा.

“भावजी,” वैनी म्हणाल्या, “त्ये आडवं म्हणून राहिले. भुईवर मांडायचं चक्र!”

अरे देवा! भुईवर मांडायला देठ कशाला लागतो? उलट बिनदेठाचं फूल कसं बसकं बसतं! आणि खोवायला, बांधायला दोन हात लागतात. मांडायला एक पुरतो.

अंगण झाडलं, पाणी मारलं. खुंटी ठोकून मी दोरीनं गोल आखला. मधोमध, तुंब्याच्या जागी, पोत्याची घडी टाकली, अमृतरावाला तिच्यावर बसवला. तो आतून मांडायचा, आम्ही बाहेरून. एक आरा झाला की मी त्याला पोत्यासकट फिरवायचा. माझं फूल जरा रेषेबाहेर गेलं की “न्हाई!” वैनींचं गेलं तर मात्र गप. दिवस कलला तसा धम्मानंदही चपला काढून मांडायला बसला. फोनचं नाव कुणी काढलं नाही.

दिवेलागणीला चक्र पुरं झालं आणि मग ध्यानात आलं, अमृतराव आत अडकला. मी बगलेत धरला, धम्मानंदनं पाय उचलले. एका टाचेनं धावेतलं फूल हललं, तर हा अधांतरी लटकलेला, “न्हाई! न्हाई!” वैनींनी ते फूल जागेवर सरकवलं, तेव्हा कुठे त्यानं बाहेर येऊ दिलं.

सकाळी वस्तीनं तुंबा भरला. मी विचारलं, “बराबर झालं का रे, अमृतराव?”

“न्हाई,” तो हळूच म्हणाला. माझं काम त्याला पसंत पडल्याची ही पहिलीच वेळ, आणि शेवटचीही.

फाल्गुनात हळद निघायच्या दिवसांत तो गेला.

पुढच्या दसऱ्याआधी धम्मानंद वैनींकडे आला. “काकू, चक्र आडवंच मांडायचं नं?”

“व्हय.”

वैनींनी सगळा झेंडू एकटीनं मानेपासून खुडला. आम्ही मांडला. माझं फूल कुठे वाकडं गेलं तरी कुणी काही बोललं नाही, आणि त्याचंच मला फार वाईट वाटलं.

सकाळी वस्ती फुलं घेऊन आली. वैनींनी घरून अमृतरावाच्या बैठकीचं तेच पोतं आणलं, भिजवून पिळलं, चार पदरी घडी केली आणि धावेबाहेरून वाकून तुंब्याच्या जागी अलगद टाकलं. धम्मानंदनं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच सांगितलं, असू दे. माणसं एकेक करून वाकली, पोत्याच्या कडेनं फूल ठेवून मागे सरली. पोत्यावर कुणी ठेवलं नाही.

दुपारच्या उन्हानं पोतं वाळलं. वैनी उठल्या, तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन त्यावर शिंपडलं आणि परत सावलीत जाऊन बसल्या.