खुर्ची आणि दोनशे ऐंशी पायऱ्या

खुर्चीमहाराजांकडे मधुमेह असणाऱ्यांची रांग खालच्या पायरीपर्यंत यायची. टेकडीच्या माथ्यावर, पाण्याच्या जुन्या टाकीशेजारच्या खोलीत ती खुर्ची होती: लाकडी, उंच पाठीची, एका पायाला पत्रा ठोकलेली. तिच्यात सव्वा मिनिट डोळे मिटून बसायचं. मागून महाराज डोक्यावर हात फिरवत म्हणायचे, "तळव्यांना मुंग्या आल्या ना? साखर निघाली. साखरेशिवाय मुंग्या येतात कधी?"

दोनशे ऐंशी पायऱ्या चढून आलेल्या तळव्यांना मुंग्या येणारच, हे कोणाच्या डोक्यात येत नव्हतं. नियम एकच होता, पण कडक. चाळीस दिवस, सकाळ-संध्याकाळ, घरापासून पायी यायचं. वाहनाला शिवलात की खुर्ची रुसली.

आणि पंचाईत अशी की साखर खरोखरच उतरत होती. खोलीच्या भिंतीवर रक्ताचे रिपोर्ट चिकटवले होते, आधीचा आणि नंतरचा, जोडीजोडीने. प्रत्येकाखाली सही एकाच माणसाची: पायथ्याशी रक्त तपासणाऱ्या सुईवाल्यांची.

सुईवाले माणूस सरळ. त्यांनी मशीन दोनदा तपासून घेतलं, चार नमुने दुसरीकडे पाठवून पाहिले. आकडे बरोबर निघाले. मग ते छाती काढून सांगू लागले, "माझे आकडे खोटं बोलत नाहीत." ते खरंच होतं. फक्त आकडे विचारलं तेवढंच सांगतात, आणि सुईवाल्यांनी पुढचं काही विचारलंच नव्हतं.

त्यांची थोरली बहीण तीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डापुढे बसून निवृत्त झाली होती आणि आता खिडकीपुढे बसत होती. रिमोट, चष्मा, बिस्किटांचा डबा, सगळं हाताशी. उठायचं कारणच तिने शिल्लक ठेवलं नव्हतं. साखर जुनीच होती.

"खरंच उतरते का रे?" तिने विचारलं.

"ताई, रिपोर्ट मीच काढतो."

"मग माझ्या गुडघ्यांचं काय?"

महाराजांकडे गुडघ्यांचीही सोय होती. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी खुर्चीत चाळीस रात्री ठेवलेली गादी. घरीच बसा. अट एवढीच की गोळ्या घेतल्या तर गादी काम करत नाही. सुईवाले आपले म्हणून त्यांना एक गादी भेट मिळाली. काखेत मारून ती त्यांनीच ताईकडे नेली आणि अटही सांगितली. गोळ्या बंद कर, असं ते म्हणाले नाहीत. चालू ठेव, असंही म्हणाले नाहीत. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत ते पुढे बरेच दिवस राहिले.

ताईने गोळ्या बंद केल्या, आणि चार महिन्यांनी तिला चप्पल चावली. जखम भरेना, काळी पडली. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. सर्जनने फाइल चाळत सहज विचारलं, "इतकी साखर वाढेपर्यंत घरात रक्त तपासणारं कोणी नव्हतं का?"

सुईवाले फाइल धरायला शेजारीच उभे होते.

त्या दिवसापासून त्यांना झोप धड लागेना. त्यांनी तपासणीचं रजिस्टर पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. टेकडी चढणाऱ्या बहुतेकांची साखर उतरलेली. गादीवाल्यांची एकूण एक चढलेली. खुर्ची तीच, महाराज तेच. मग फरक कशाचा?

उत्तर दोन दिवसांनी आपल्या पायांनी आत आलं. एक सून सासूला घेऊन आली होती आणि स्वतःचंही रक्त देत होती. सासूची एकशे नव्वदवरून एकशे तीस. सुनेची एकशे अठ्ठ्याण्णववरून एकशे चोवीस.

"तुम्हीही खुर्चीत बसता?"

"मला कोण बसू देतंय, भाऊ? नंबर सासूबाईंचा. मी बाहेर चपला सांभाळते. चढउतार मात्र दोघींचा."

"आणि गोळ्या?"

"दोघींच्या चालू आहेत. महाराजांना सांगत नाही."

सुईवाल्यांनी सुई खाली ठेवली. "सासूबाईंची खुर्चीने उतरली. तुमची कशाने? चपला सांभाळून?"

"नाही हो," ती म्हणाली, "चपला झिजवून."

दुसऱ्या दिवशी सुईवाले रजिस्टर आणि छोटं मशीन घेऊन टेकडी चढले. पहिल्यांदाच. सत्तराव्या पायरीवर त्यांना कळलं की इतकी वर्षं स्टुलावर बसून ते इतरांचंच रक्त मोजत आले. धापा टाकत खोलीत पोहोचले तर महाराज आधीच आलेले, मागच्या रस्त्याने, मोटरसायकलवर.

रांगेसमोर सुईवाल्यांनी आधी गादीवाल्यांचे आकडे वाचले, नावं न घेता. मग सुनेने स्वतःच पुढे येऊन आपला सांगितला. मग ते वळून नम्रपणे म्हणाले, "महाराज, आम्ही सव्वा मिनिट बसतो, आपण दिवसभर. बोट देता?"

"योग्याचं रक्त मोजायचं नसतं."

"का, मशीन रुसतं?" रांगेतून कोणीतरी विचारलं, आणि खोली हसली. त्या हसण्यापुढे महाराजांना बोट द्यावंच लागलं. आकडा आला तीनशे बारा. पायऱ्यांपेक्षा बत्तीस जास्त.

सुईवाल्यांनी भिंतीवरचे रिपोर्ट एकेक करून काढले. "या सह्या माझ्या आहेत," ते म्हणाले. "आकडे खरे, कारण खोटं. चालताना, चढताना पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात. ती तुम्ही उतरवलीत, श्रेय लाकडाला दिलंत, आणि पावती मी फाडली. हे मी आधी विचारायला हवं होतं. चढणं सोडू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर तो माणूस आणखी काय काय करायला लावतो, तेवढं नीट बघा. बसायला घरी खुर्च्या आहेत."

तिथून ते ताईकडे गेले. गादी अजून खिडकीपाशीच होती. त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःची बाजू न सावरता. ताईने पायाची पट्टी सारखी केली.

"त्या महाराजाला मी ओळखत तरी होते का?" ती म्हणाली. "गादी तू आणलीस, म्हणून मी बसले."

सुईवाल्यांनी गादी गुंडाळली आणि जाताना काखेत मारून परत नेली.

जखम भरल्यावर सर्जनने खास बूट दिले आणि थोडं थोडं चालायची परवानगी दिली. पहिल्या दिवशी भावाचा दंड धरून ती फाटकापर्यंत गेली आणि परत आली. चाळीस पावलं. दाराला टेकून तिने श्वास घेतला.

"उद्या ये," ती म्हणाली. "आणि येताना काही आणू नकोस."