अकरा जणांचा ठावठिकाणा

यंदा शिक्षण खात्याचा नवा नियम आला. नुसत्या निकालावर शाळेची श्रेणी ठरणार नव्हती; पास होऊन गेलेली मुलं वर्षभरानं कुठे आहेत, तेही कळवायचं होतं. क्लार्कबाईंनी यादी भरायला घेतली आणि अकरा नावांपाशी अडल्या.

"'पुढे शिकत आहे' लिहा आणि मोकळ्या व्हा," मुख्याध्यापक म्हणाले. "कोण बघायला येतंय?"

"माहीत नसलेलं नाही लिहायची मी, सर. चार दिवस द्या."

बावीस वर्षं बाईंनी ते ऑफिस एकहाती सांभाळलं होतं. सरांनी चार दिवस दिले.

फोन लागले नाहीत, तिथे बाई चपला घालून निघाल्या. दोघं गाव सोडून गेले होते, दोघं राजीखुशीनं घरच्या धंद्यात होते. पाचवी मुलगी कापडाच्या दुकानात ठाण गुंडाळताना सापडली.

"तंत्र विद्यालयात नाव लागलं होतं, बाई," ती म्हणाली. "शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. तीनदा आले. ऑफिसला कुलूप. उघडलं तोवर प्रवेश संपले होते."

निकालानंतरच्या सुट्टीत बाई बहिणीकडे गेल्या होत्या. कुलूप त्यांनीच लावलं होतं. उरलेल्या सहा जणांनीही तेच सांगितलं.

चौथ्या दिवशी त्यांनी कागद सरांपुढे ठेवला. सात नावांपुढे लिहिलं होतं: ऑफिस बंद असल्यानं दाखला मिळाला नाही.

"श्रेणी घसरेल, बाई."

"घसरू दे. चूक आपली आहे, म्हणजे सुधारणंही आपल्याच हातात. हवं तर खाली सही माझी घ्या."

सरांनी कागद दोनदा वाचला. मग खिशातून पेन काढलं. "सही मुख्याध्यापकाचीच लागते," ते म्हणाले.

श्रेणी एका पायरीनं उतरली. सातही दाखले मात्र त्याच आठवड्यात घरपोच झाले. नव्या प्रवेशात पाच जणांचा नंबर लागला, कापडाच्या दुकानातली मुलगी त्यांत पहिली. राहिलेल्या दोघांसाठी बाईंनी संध्याकाळच्या वर्गाचे अर्ज आणून दिले.

पुढच्या निकालाच्या दिवशी फाटकावर पाटी लागली: सुट्टीतही ऑफिस चालू. दुपारपर्यंत अडतीस दाखले गेले. बाई लिहीत होत्या, शेजारी बाह्या सारून सर शिक्के मारत होते.

"पुढचा कोण?" बाईंनी खिडकीतून विचारलं.